पिवळ्या खुणेवरून मारलेला निळा रंग

नाना,

तुम्ही गेल्याचा फोन काकूंनी केला, तेव्हा मी गोडाऊनच्या तिसऱ्या ओळीत पशुखाद्याच्या पोत्यांवरची लेबलं वाचत उभी होते. काकू रडत नव्हत्या. "ताई, ह्ये गेले सकाळी," एवढंच म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. मला रडू नंतर आलं. आधी आला तो राग, आणि तोही तुमच्यावरच. म्हटलं, या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती, दहा महिने झाले सांगायची होती, आणि हा माणूस न थांबता निघून गेला. स्वतःची चूक असली की मला आधी दुसऱ्याचा राग येतो, हे तुम्ही पुष्कळदा पाहिलंय.

ती गोष्ट आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे हात अडखळणार नाही. गेल्या दसऱ्याला तुमच्या पिवळ्या खुणेवरून निळा रंग संतोषने मारला नव्हता. तो मी मारायला लावला होता.

आता बाकीचं सावकाश लिहिते.

तुम्ही काय काम करता, हे कोपरगावला माझ्या आईला समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले होते. म्हटलं, आई, आमच्या गोडाऊनमध्ये लोखंडी मांडणी असते, पाच मजली, तिला रॅक म्हणतात. तिच्यावर टनांनी माल असतो. माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीची धडक बसून तिचे पाय चेमटतात, आडव्या दांड्या वाकतात. मग नगरहून नाना येतात, तपासतात, खराब झालेलं काढून नवं बसवतात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी कल्हईवाला का?" तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही एवढे हसलात की हातातला पाना खाली पडला. "व्हय, त्योच म्या. आईला म्हनावं, भांडी जरा मोठी हायेत." त्यानंतर आमच्या फाटकाशी गाडी लावली की तुम्ही मुद्दाम ओरडायचात, "कल्हईऽऽ!" वॉचमनला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

कोल्हारच्या अलीकडच्या त्या गोडाऊनची इनचार्ज म्हणून मी आले, तेव्हा तिथे बाई अशी पोती शिवणाऱ्या तिघींशिवाय कुणी नव्हती. ड्रायव्हर माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचे. तुमची पहिली फेरी मला चांगली आठवते. मी वही घेऊन खाली उभी होते, सगळं समजत असल्यासारखी मान हलवत होते. तुम्ही लिफ्टच्या पाळण्यातून खाली वाकून बघितलंत आणि म्हणालात, "ताई, वर या. खालनं समदंच सरळ दिसतं."

ओढणी कमरेला बांधून मी वर चढले. तुम्ही ओळंब्याचा दोरा माझ्या हातात दिलात. गवंडी भिंतीला लावतात तोच ओळंबा, पितळेचा, तुमच्या खिशात कायम असायचा. खाली लोंबणारं पितळ हेलकावे खात होतं. "दम धरा. त्यो बी थांबंल, तुमी बी थांबाल," तुम्ही म्हणालात. थांबला. खालून सरळ दिसणारा तो पाय वरून चांगला चार बोटं कलला होता. मग खाली उतरून तुम्ही तुमचा तपासणीचा कागद शेठच्या पुढ्यात न ठेवता माझ्या टेबलावर पसरलात, शेठ समोर उभे असताना. मुद्दाम केलं की सवयीने, हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागले, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले आहेत.

धडका लपवण्यात मात्र आमची माणसं पटाईत होती. चेमटलेल्या पायापुढे कुणी रिकामी खोकी रचायचं, कुणी स्टिकर चिकटवायचं. एकदा तर एका पायावर देवाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. तुम्ही नमस्कार केलात, कॅलेंडर उचललंत आणि मागे हा एवढा खड्डा. मी ड्रायव्हरांना फैलावर घ्यायला निघाले तर तुम्ही मला अडवलंत. "धडक लपवत्यात का, तर सांगनाराला शिव्या पडत्यात म्हनून. उद्यापास्नं सांगनाराला च्या पाजा." मला वाटलं, थट्टा करताय. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलंत. जो स्वतःहून येऊन सांगेल, मी टेकलो, अमुक ओळीत, अमुक पायाला, त्याला ताईच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसवून आल्याचा चहा मिळेल आणि कुणीही त्याला 'कसं काय टेकलास' असं विचारणार नाही.

शेठ हसले. "नाना, धडकणाऱ्याला चहा, मग नीट चालवणाऱ्याला काय?"

"त्याला सांजच्याला घरी जायला मिळतं, शेठ," तुम्ही म्हणालात.

धडकेचा चहा हे नाव कुणी पाडलं कोण जाणे. पहिला चहा संतोषचा. राजूरकडचा हा उंच, मुका वाटावा इतका गप्प माणूस पंधरा दिवसांनी केबिनच्या दारात येऊन उभा राहिला आणि चपलेकडे बघत म्हणाला, "मॅडम, टेकलो." मी चहा सांगितला. त्याने तो बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि कपाळावरचा घाम पुसला. तुम्ही पुढच्या फेरीला आलात तेव्हा मुद्दाम त्याच्यासोबत बसून तुमचाही बिनसाखरेचा घेतलात. त्या वर्षात बरेच चहा झाले, नाना. आल्याचा वास आला की बायका म्हणायच्या, "आज कुणाचं फुटलं वाटतं."

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. मी साखर कारखान्याच्या गावची. आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीची चॅसी वाकली की गॅसवर लाल करतात, घण मारतात, संध्याकाळी ट्रॉली पुन्हा उसात. मग हा रॅकचा पाय का तापवून सरळ करायचा नाही? दर वेळी नवाच का बसवायचा? तुम्ही दर वेळी तेच उत्तर द्यायचात. ट्रॉलीचं लोखंड जाड, हा पत्रा पातळ, याची ताकद घडीत असते, तापवलं की घडी मऊ पडते. मी म्हणायचे, तुमच्या पाथर्डीकडची माणसं आमचा ऊस तोडायला येतात, तुम्हाला ट्रॉली काय शिकवायची? तुम्ही म्हणायचात, "म्या ऊसतोडीच्या कोपीत वाढलेला मानूस. वाकल्याली ट्रॉली रस्त्यात बसती, तिच्या म्होरं मान्सं पळत्यात. ह्याच्याखाली अलकाबाई बसती. ती कुटं पळंल?" अलकाबाई आमच्याकडची पोती शिवणारी, तेव्हा तिथेच बसलेली असायची. ती म्हणायची, "मला का मधी घेता वो?" मी हार मानली नाही. खरं तर मला तुमचं पटलं होतं, पण तुम्हाला चिडवायला काहीतरी हवंच होतं.

खुणांचं तुमचं शास्त्र साधं होतं. लाल खूण म्हणजे आत्ताच्या आत्ता रिकामं करा. पिवळी म्हणजे आहे तो माल हळूहळू उतरवा, आणि खण एकदा रिकामा झाला की पाय बदलेपर्यंत त्याच्यावर पुन्हा काही चढवू नका. गेल्या वर्षी पावसाळ्यात संतोष पुन्हा एकदा टेकला, पाचव्या ओळीत. आला, सांगितलं, चहा प्यायला. तुम्ही येऊन पायावर पट्टी लावून बघितलीत, पिवळा गोल काढलात आणि म्हणालात, नवा पाय दिवाळीनंतरच्या फेरीला आणतो, तोवर ह्याला सुट्टी.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे फोर्कलिफ्टची, वजनकाट्याची, रॅकची, सगळ्याची पूजा होते. रॅकच्या पायांना एकाखाली एक भोकं असतात, बायका त्यात अगरबत्त्या खोचतात. तुम्ही त्यावरून दर वर्षी कुरकुरायचात आणि दर वर्षी प्रसाद खायचात. शेठचा फोन आला की या वेळी मोठ्या कंपनीची माणसं पूजेला येणार आहेत, गोडाऊन कसं लखलखलं पाहिजे. मी बाहेरगावचा एक पेंटर आणला. पाचव्या ओळीत आल्यावर त्याने मला हाक मारून विचारलं, "मॅडम, ह्या पिवळ्या गोलाचं काय करू? सोडू का?"

शेजारी कुणी नव्हतं. सगळे जेवायला गेले होते. मला त्या घाईत तो पिवळा गोल पाहुण्यांसमोर खरकट्या ताटासारखा वाटला. "मार त्याच्यावरून," मी म्हटलं. "नंतर परत काढू. माझ्या लक्षात आहे."

लक्षात राहिलं नाही, नाना. दिवाळीची गर्दी सुरू झाली. तो खण रिकामा झाला आणि संतोषनेच तो पुन्हा भरला. त्याने कोरा करकरीत पाय पाहिला आणि त्याला वाटलं, त्याच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही येऊन पाय बदलून गेलात. वाटणारच. तुमची खूण तुमच्याशिवाय कुणी पुसेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

दिवाळीनंतर तुम्ही टेम्पोतून नवा पाय घेऊन आलात. मी तुमच्या मागे चालत होते. पाचव्या ओळीत तुम्ही थांबलात आणि पायावरून तळवा फिरवलात, गुराच्या अंगावरून फिरवावा तसा. तळवा एका जागी अडला. तुम्ही नखाने खरवडलंत. निळ्याखालून पिवळं आलं. मग खाली बसलात, टॉर्च मारलात, आणि मी तुमच्या खांद्यावरून बघितलं, तर तळपट्टीजवळ पत्रा फाटायला लागला होता. वर चार मजले पशुखाद्य. खाली अलकाबाई आणि दोघी जणी फाटकी पोती शिवत बसल्या होत्या.

तुमचा आवाज अजिबात चढला नाही. "अलकाबाई, सुई तितंच ठिवा. तिघी बी भाईर या. हळू या." त्या आल्या. मग तुम्ही ओळ बंद केलीत, आजूबाजूच्या खणांजवळही कुणाला येऊ दिलं नाहीत, आणि वरून खाली, पोती रचलेलं एकेक लाकडी पॅलेट, दुपारभर उतरवून घेतलंत. शेवटचं पॅलेट जमिनीला लागल्यावर तुम्ही जमिनीवरच बसलात. अलकाबाईने तुम्हाला पाणी आणून दिलं आणि मग ती एकदम रडायला लागली. ती आज धडधाकट आहे, परवाच तिच्या नातीचं बारसं झालं, ते तुमच्या तळव्यामुळे. माझ्यामुळे काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही संतोषकडे गेलात. धडक त्याची, खण भरणारा तोच, आणि त्याच महिन्यात शेठनी तंबी दिली होती की ज्याच्या खुणा जास्त, त्याला फोर्कलिफ्टवरून खाली उतरवणार. तुमचा हिशेब चुकला असं कोण म्हणेल?

"खून कुनी झाकली?"

"मला न्हाई ठाव, नाना. मला वाटलं तुमी पाय बदलला."

"बदलला आसता तर तुला हात धरून दावला नसता का?" तुम्ही म्हणालात. "माजा च्या पिऊन माज्याच डोळ्यांत रंग घातलास व्हय रं?"

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "ताई, तुमाला काय ठाव हाय का?"

शेठ उभे होते. तिघे ड्रायव्हर उभे होते. मी म्हटलं, "नाही."

एवढंच म्हटलं. बाकीचं तुमच्या सगळ्यांच्या मनाने जुळवलं आणि मी मूग गिळून बसले. संतोषला फोर्कलिफ्टवरून काढून हातगाडीवर घातलं. आठ वर्षं पाचव्या मजल्यावर माल ठेवणारा माणूस हाताने पॅलेट ओढायला लागला. त्याने मला कधी काही विचारलं नाही. पण तेव्हापासून गोडाऊनमध्ये एकही धडकेचा चहा झाला नाही, नाना. चहा पिणाऱ्याचं पुढे काय होतं, हे सगळ्यांनी बघितलं होतं. पायांपुढे परत खोकी दिसायला लागली.

चैत्रातल्या फेरीला मी ठरवलं होतं. दोनदा तोंड उघडलं. तुम्ही पाना ठेवून म्हणालात, "बोला ना ताई." आणि मी तुमची शुगर किती आहे ते विचारलं. तुम्ही खोटं सांगितलंत, मी ते खरं मानलं. गाडीला किक मारायच्या आधी तुम्ही माल चढवायच्या डॉककडे बघितलंत. तिथे संतोष पाठमोरा हातगाडी ओढत होता. "म्या त्याला लई बोललो का वो त्या दिवशी?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, "जाऊ द्या हो नाना."

तेव्हाच सांगितलं असतं, तर तुम्ही गाडी स्टँडला लावून डॉककडे गेला असतात. मला तुमची चाल माहीत आहे, तुम्ही धावतच गेला असतात. तुमचा तो एक जड दगड मी उतरवू शकत होते, आणि माझी अब्रू वाचवायला तो तुमच्या छातीवर राहू दिला. याची माफी मागायची तर तुम्हीच हवे होतात.

दहाव्याला तुमच्या गावी आले होते. केवढी माणसं होती! नगरचे, श्रीरामपूरचे, संगमनेरचे गोडाऊनवाले, हमाल, ड्रायव्हर. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की नानांनी आपल्याला कसं झापलं. सगळे अभिमानाने सांगत होते. संतोषही आला होता, एसटीने, एकटा. लांब बाभळीखाली उकिडवा बसला होता. तुम्ही त्याला तोडून बोललात आणि तो तुमच्या दहाव्याला दोन गाड्या बदलून आला. त्याला तिथे बसलेला बघितल्यावर मला माझी लाज वाटली, आणि खरं सांगते, जरा धीरही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना पाचव्या ओळीपाशी बोलावलं, शेठनाही. जे घडलं ते सांगितलं. पेंटरने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि तुम्ही विचारल्यावर मी 'नाही' कशी म्हणाले. अलकाबाईकडे बघून सांगितलं, कारण तिच्याकडे बघणं सगळ्यात अवघड होतं. ती म्हणाली, "बाई गं." शेठ केबिनमध्ये गेले. त्यांचा निर्णय अजून यायचा आहे, तो काहीही असो. संतोषला मी त्याच दिवशी फोर्कलिफ्टवर परत बसवलं, तेवढा अधिकार अजून माझ्याकडे आहे.

तुमच्यामुळे मी हे करू शकले, हे तुम्हाला कळायला हवं. लग्नाच्या मांडवात शिरले तरी मी आधी खांबांकडे बघते, लेक माझी चेष्टा करते. पण माझ्या स्वतःच्या आत काही कललंय, हे बघायला मला दहा महिने लागले. वर चढून दोरा हातात धरायचा आणि थांबायचं, ते तुम्ही शिकवलं होतंत. मी पुष्कळ माणसांच्या हाताखाली काम केलं, नाना, शिकले तुमच्याकडून. पुढच्या फेरीला दुसरं कुणीतरी येईल. तो पाय तापवून सरळ करू म्हणाला, तर त्याला मी तुमचंच उत्तर देणार आहे, अलकाबाईसकट.

संध्याकाळी संतोष केबिनच्या दारात आला. मी उठून उभी राहिले. माझ्याकडे जी काही माफीची वाक्यं होती, ती मी म्हटली. त्याने ती ऐकून घेतली.

"मॅडम, मला न्हाई सांगायचं हुतं," तो म्हणाला. "मला ठावच हुतं ना, मी न्हाई केलं. नानाला सांगायचं हुतं. आता त्येंला कसं कळनार?"

म्हटलं, "मी त्यांना लिहिते."

"लिवा," तो म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

म्हणून हे लिहिलं. आज दुपारी त्याला डॉकवर बसवून सगळं वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाला, ते पहिलं परत वाचा, रंगाचं. मी वाचलं.

"मॅडम, नाना लई गोडाऊनं फिरायचे. संतोष त्येंला ढीगभर ठाव आसतील. कुठला संतोष, त्ये नीट लिवा."

लिहिते. नाना, तो रंग संतोष किसनने मारला नव्हता. गाव राजूर, तालुका अकोले, फोर्कलिफ्ट नंबर दोन.